जुनी व्हॅन घेऊन विदर्भाच्या आडवाटांवर

दहा-पंधरा वर्षं पळालेली टेम्पो ट्रॅव्हलर, ट्रॅक्स नाहीतर ओम्नी घ्यायची, मागच्या सीटा काढून झोपायला फळ्या, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवायची आणि मेळघाटापासून भामरागडपर्यंत भटकायचं, ही हौस आता नागपूर-अमरावतीकडेही बऱ्याच जणांना लागली आहे. हौस चांगलीच आहे. पण यातल्या बहुतेक गाड्यांना ओढ फक्त मागच्या दोन चाकांची असते, पोट खाली लोंबतं आणि मागचा भाग लांब असतो. अशी गाडी कुठवर जाईल हे इंजिनावर कमी आणि चाकाखालच्या मातीवर व गाडीतल्या वजनावर जास्त ठरतं. या दोन गोष्टी सांभाळल्या तर तीस हॉर्सपॉवर कमी असली तरी काही अडत नाही. न सांभाळल्यास छतावरचे महागडे लाइट फक्त फसलेल्या गाडीवर उजेड पाडायच्या कामाचे.

आधी माती ओळखा

विदर्भ एकच असला तरी चाकाखाली तो दोन-तीन वेगवेगळे प्रदेश आहे. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ आणि पुढे वर्ध्यापर्यंत, काळी कपाशीची माती. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरडी असताना तिच्यावरून ट्रक जातो. एक चांगला पाऊस पडला की रिकामी सायकलही ढकलत न्यावी लागते, कारण चिखल चाकाला थापला जातो आणि मडगार्डमध्ये भरून चाकच अडतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला भाग, त्यातही अवघड. तिथली माती खोल आणि पाण्याचा निचरा मंद. दर्यापूरकडच्या वाटा पाऊस थांबल्यावरही बराच काळ ओल्या राहतात.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग धानाचा. इथे बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं), बोड्या (छोटी तळी) आणि माजी मालगुजारी तलावांची पाळ. दिवाळीनंतर धान निघालं की वाटा मोकळ्या होतात, पण इटियाडोहसारख्या धरणाचं पाणी जिथे उन्हाळी धानाला मिळतं, तिथे ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी वाट, पुन्हा ओली होते. आजूबाजूचं सगळं शिवार कोरडं दिसतं आणि कॅनॉलच्या कडेची दोनशे फूट वाट नेमकी दगा देते.

तिसरा प्रकार बरड आणि डोंगराळ. गाविलगड, अजिंठ्याच्या रांगेची बुलढाण्याकडची टोकं, पुसद-उमरखेडचे टेकाड. इथे मुरूम आणि गोटे. टायर फाटतो, पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) तुटतो, पण गाडी फसत नाही. जुन्या व्हॅनची पहिली सहल इथेच करावी. मेहकर-लोणारकडचा बरडाचा पट्टा त्यासाठी छान: सरोवर बघायचं, आजूबाजूच्या खडकाळ वाटांवर गाडीचा अंदाज घ्यायचा, आणि काही तुटलंच तर गॅरेज फार लांब नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर काळ्या मातीत उतरायचंच नाही. एप्रिल-मेमध्ये वाटा सर्वांत कोरड्या असतात खऱ्या, पण चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या डब्यात दुपार काढणं म्हणजे शिक्षा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, तर घरीच कुलरसमोर बसलेलं बरं.

वाट कशी ठरवायची

मोबाईलवरचा नकाशा पांदण आणि नाला यात फारसा फरक करत नाही. त्यामुळे तीन गोष्टी ताडून बघा. एक, उपग्रहाचं चित्र, शक्यतो उन्हाळ्यातलं. दोन, सर्व्हे ऑफ इंडियाचे 1:50,000 चे नकाशे, जे नोंदणी करून ऑनलाइन उतरवता येतात आणि नाले, चढ, जंगलाची हद्द नीट दाखवतात. तीन, गाव नकाशा. गाव नकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. गाडीमार्गाची नोंदलेली रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट, पायमार्गाची सव्वाआठ. कागदावर एकवीस फूट असलेली पांदण दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी खात खात आठ फुटांवर आणलेली असणं हे मात्र गृहीतच धरा. शेतकऱ्या-शेतकऱ्यांची त्यावरून भांडणं चालू असतात. त्यात आपली गाडी नेऊन तिसरी बाजू उभी करू नये.

हे सगळं ऑफलाइन साठवून ठेवा. हरिसालच्या पुढे किंवा एटापल्लीच्या आत नेटवर्कच्या भरवशावर राहता येत नाही.

मग गावात विचारायचं, आणि विचारण्यातही कला आहे. "गाडी जाते का हो काका?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "जाते नं भाऊ, आरामात जाते!" काकांच्या डोळ्यांसमोर त्यांची मोटारसायकल असते. म्हणून प्रश्न तोडून विचारा. एसटी कुठवर येते? भरलेला ट्रॅक्टर आता जातो का, की रिकामाच? कपाशीची गाडी याच वाटेने निघते का? नाल्यावर रपटा (बुटका पूल) आहे का नुसतंच उतरायचं? लग्नाची क्रूझर कधी आली होती का? वऱ्हाड घेऊन क्रूझर जिथवर गेली, तिथवर तुमची ट्रॅव्हलर बहुतेक जाईल. फक्त ट्रॅक्टर जात असेल तर थांबा आणि पायी जाऊन बघून या. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांनी कापलेल्या चाकोऱ्या तुमच्या गाडीच्या पोटापेक्षा खोल असतात.

जंगलाच्या बाबतीत वाट निवडण्याचा प्रश्नच येत नाही. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांत स्वतःच्या गाडीने मनाला येईल तिथे वळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. परतवाडा-घटांग-सेमाडोह-हरिसाल-धारणी हा मेळघाटातून जाणारा वाहता रस्ता आहे, त्यावरून जा, पण बाजूची फायरलाइन (वणवा अडवायला साफ केलेली पट्टी) दिसली म्हणून गाडी घालू नका. नाक्यावर गेट केव्हा बंद होतं ते विचारून घ्या आणि त्याआधी बाहेर पडा. जंगलाबाहेर पांदणी कमी नाहीत.

गाडी उचलून बघा

सहलीच्या आदल्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी. सामान वेळेवर मिळत नाही, आणि नवीन लावलेला भाग डांबरी रस्त्यावर थोडा पळवून बघायला हवा.

सुरुवात पाट्यांपासून करा. चिखल खरवडून काढा, डिझेलचा बोळा फिरवा आणि बॅटरीच्या उजेडात एकेक पान बघत जा. चिरलेल्या पानावर तांबूस गंजाची बारीक आडवी रेघ दिसते. दोन पानांमध्ये चकचकीत घासलेला पत्रा दिसला तर पानं सरकताहेत, म्हणजे सेंटर बोल्ट ढिला किंवा तुटलेला. यू-क्लॅम्पच्या नटांवर पाना लावून ताण द्या. जुन्या गाडीत चारातला एखादा फिरतोच. शॅकलचे बुश गेले असतील तर बदला, ते स्वस्त काम आहे आणि पांदणीत गाडी आडवी चालण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं. मेन पानाच्या खाली एक जादा पान घालून गाडी उंच करायचा सल्ला प्रत्येक पाटेवाला देतो. एक पान ठीक. दोन घातले तर गाडी टणक होते, चाक खड्ड्यात उतरतच नाही, हवेत फिरतं, आणि आतलं फर्निचर सुटं होतं.

त्यानंतर प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस. शाफ्ट हाताने धरून हलवा, टक् असा खेळ जाणवला की क्रॉस बदला. डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ओढ वाटून देणाऱ्या भागाच्या) हाउसिंगवर हवा जायला एक बारीक ब्रीदर असतो. गरम हाउसिंग नाल्याच्या थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर चॅसिसपाशी बांधून टाका. दहा मिनिटांचं काम आहे, कुणी करत मात्र नाही.

थंड राहण्याची यंत्रणा सगळ्यात जास्त वेळ मागते. रेडिएटर उतरवून धुऊन घ्या, होज पाईप दाबून बघा, मऊ पडलेला किंवा क्लिपपाशी फुगलेला पाईप फेका. वॉटर बॉडीतून (पाण्याच्या पंपातून) थेंब येतो का बघा. दिवाळीनंतर पांदणीच्या मधल्या वरंब्यावर कंबरेएवढं गवत वाळून उभं असतं, आणि त्याची कुसळं रेडिएटरच्या जाळीत अशी बसतात की हवाच शिरत नाही. पुढे डासांची जाळी नटबोल्टने लावा आणि दर मुक्कामाला झटका. याच वाळलेल्या गवताचा दुसरा धोका सायलेन्सरचा. गवताच्या काड्या सायलेन्सरवर अडकून पेटतात. गवताळ वाटेनंतर थांबा, खाली वाकून बघा, हाताशी पाण्याची बाटली ठेवा. आग विझवायचा सिलिंडर ड्रायव्हरच्या सीटखाली हवा, मागच्या कपाटात नव्हे.

डिझेल गाडीत फिल्टर नवा टाका आणि दोन बरोबर घ्या. जुन्या टाकीच्या तळाचा गाळ धक्क्यांनी वर येतो, फिल्टर चोंदतो, गाडी चढावर दम टाकते. लाईनमध्ये हवा धरली तर एअर कशी काढायची हे गॅरेजवाल्याच्या शेजारी उभं राहून एकदा स्वतःच्या हाताने करून घ्या. बॅटरीचे टर्मिनल, सेल्फ, डायनामोचा पट्टा, क्लच, ब्रेक ऑईल ही नेहमीची यादी कुठलाही मेकॅनिक बघेल, त्यावर शब्द खर्च करत नाही.

ओम्नीबद्दल वेगळं सांगायला हवं. 796 सीसीचं पेट्रोल इंजिन पुढच्या सीटखाली, गाडी हलकी, आणि हलकेपणा हाच तिचा गुण. दोन माणसं आणि मोजकं सामान असेल तर ओम्नी काही वाटांवर ट्रॅव्हलरच्या पुढे जाते. पण चाक छोटं आणि पोट खाली. खालून पत्र्याची प्लेट लावून घ्या आणि मोठ्या गोट्यांच्या वाटेला जाऊ नका.

वजन कमी, तेही खाली

घरात जे लागतं ते सगळं गाडीत कोंबायचा मोह होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की दीड-दोन माणसं जादा बसल्यासारखी. टाकी दोन्ही चाकांच्या मधे, जमिनीलगत बसवा, आणि आत आडव्या पडद्या असलेलीच घ्या, नाहीतर वळणावर पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीही झुकते. मागच्या चाकांच्या मागे जड वस्तू ठेवली की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंग ऐकत नाही. छतावर फक्त गाद्या, ताडपत्री, रिकामे कॅन. स्टेपनी आणि जॅक छतावर टाकणारे बरेच बघितले. बाभळीच्या फांद्यांखालून जाताना आणि उतारावर गाडी तिरपी झाल्यावर त्यांना त्याचं उत्तर मिळतं.

फर्निचर हलक्या प्लायचं, कोपऱ्यांना लोखंडी अँगल, आणि स्क्रूऐवजी आरपार नटबोल्ट, त्याखाली वायसर. स्क्रू पांदणीच्या खडखडाटात पहिल्याच दिवशी बाहेर येतात. कपाटाच्या दारांना चुंबक नको, खटका हवा. भांड्यांमध्ये टॉवेल कोंबा, नाहीतर दिवसभर भांडी वाजण्याने डोकं उठतं.

गॅस पाच किलोचा पुरे. सिलिंडर पट्ट्याने बांधा आणि तो जिथे ठेवाल तिथे गाडीच्या तळालाच एक भोक ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. शक्य असेल तेव्हा स्वयंपाक बाहेर, दार उघडून. फ्रिजचा खर्च वाचवा. माठ नाही टिकत धक्क्यांत, पण ओल्या गोणपाटात गुंडाळलेला पाण्याचा कॅन सावलीत आणि वाऱ्यावर ठेवला तर संध्याकाळी प्यायला सुखद पाणी मिळतं.

कागद

सीट काढून पलंग बसवणं हा गाडीतला बदल आहे, आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे त्याची आरसीवर नोंद लागते. जुनी ट्रॅव्हलर बहुतेक टुरिस्ट परमिटवरची असते, ती खाजगी करून घ्यावी लागते. खाजगी गाडीला 15 वर्षं झाली की फिटनेस करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची आणि पर्यावरण कर भरायचा. आरटीओच्या चकरा कंटाळवाण्या आहेत, पण नोंद नसलेल्या बदलावर विमा कंपनी बोट ठेवते तेव्हा त्या चकरा फारच स्वस्त वाटतात.

हवा, टायर आणि धसकटं

डांबर सोडताना हवा कमी करायची. दाराच्या पट्टीवर जी हवा लिहिली असेल तिच्या पाऊण हिस्सा ठेवा: 48 असेल तर 36. टायर पसरतो, पकड वाढते आणि गोट्यांवर गाडी कमी आपटते. पण हवा कमी असताना वेग वीस-पंचवीसच्या वर नेऊ नका आणि डांबराला लागताच पुन्हा भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा चांगला कंप्रेसर घ्या, खेळण्यातला नको. ट्यूबवाल्या टायरात हवा फार उतरवली तर रिम फिरते, टायर जागेवर राहतो आणि ट्यूबचं निपल उखडतं. तिथे पाऊण हिस्साच शेवटचा.

पंक्चरचं मोठं कारण खिळे नसतात. बाभळीचे काटे असतात आणि तुरीची धसकटं. तूर तिरकी कापली की बुंध्याचं टोक भाल्यासारखं राहतं, आणि ते टायरच्या बाजूच्या पातळ भिंतीत शिरतं, जिथे पंक्चर निघत नाही. म्हणून तूर निघालेल्या वावरातून आडवं जायचं नाही, वळून बाहेरूनच जायचं. एक स्टेपनी कमी पडते, दुसरा निदान टायर तरी घ्या. जोडचाकं असतील तर दोन टायरांच्या मधे गोटा अडकला आहे का ते दर थांब्याला बघा.

चालवताना

चाकोरीत दोन्ही चाकं घालून चालणं हे मधला वरंबा किती उंच आहे त्यावर. काळ्या मातीत पावसाळ्यात कापलेल्या चाकोऱ्या हिवाळ्यात दगडासारख्या टणक होतात आणि मधला वरंबा थेट डिफरन्शियलला लागतो. तेव्हा एक चाक वरंब्यावर आणि दुसरं बाहेरच्या कडेला ठेवून चालवा. शेजारच्याला खाली उतरवा, त्याने पुढे चालत वाट दाखवावी. माणूस उतरला की गाडी हलकीही होते. दोघांनी आधी हातवारे ठरवून घ्या: एकच माणूस इशारा करेल, बाकीच्यांनी "डावीकडे, डावीकडे" ओरडायचं नाही.

पहिला-दुसरा गियर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला. हाफ क्लचवर गाडी खेळवत नेली तर संध्याकाळपर्यंत प्लेटचा वास येतो. दिवसाला पन्नासएक किलोमीटर आडवाट भरपूर झाली. डिझेलचा अंदाज नेहमीच्या अ‍ॅव्हरेजच्या निम्म्याने बांधा.

घाटात, चिखलदऱ्याकडे चढताना जो गियर लागला, उतरताना तोच. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवायची सवय आपल्याकडे फार आहे. जड केलेल्या जुन्या गाडीत तिने ब्रेक तापतात आणि मग पाय दाबूनही गाडी थांबत नाही. इंजिन बंद करून उतरलात तर ब्रेक बूस्टरची मदतही जाते. ब्रेकचा वास आला की सपाट जागी थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, ड्रमवर पाणी ओतू नका.

नाला आधी पायी ओलांडायचा. काठी घेऊन, चाकं जिथून जाणार त्या दोन्ही रेषांवरून. तळ घट्ट हवा, पाणी चाकाच्या मध्याच्या खाली हवं, आणि पलीकडचा चढ ओला असला तरी चढता येईल असा हवा. लोक पाणी बघतात आणि पलीकडचा चढ विसरतात. पहिल्या गियरमध्ये, एकसारखा रेस ठेवून, गियर न बदलता, थांबायचं नाही. पलीकडे गेल्यावर हळू चालवत दोन-चारदा ब्रेक दाबून वाळवा. गाडी पाण्यात बंद पडली आणि हवेच्या पाईपात पाणी गेल्याची शंका असेल तर सेल्फ मारू नका: सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर एकच नियम, थांबायचं. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तिथली माणसं दिवस-दिवस थांबतात. त्यांना घाई नसते असं नाही, त्यांना नदी माहीत असते. वैनगंगेच्या पात्रात रेतीवर गाडी उतरवून मुक्काम करायचा विचारही नको. वर गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की खाली आभाळ कोरडं असूनही पाणी चढतं.

आणि काळी माती. पाऊस होऊन गेला असेल तर खाली उतरून चपलेने दहा पावलं चाला. चप्पल जड झाली, मातीचा थर चढला, तर परत फिरा. वरून वाळलेला पापुद्रा आणि आत ओल असा प्रकार सर्वांत फसवा. टाच दाबून गोल फिरवा. खाली चकाकणारी ओली माती दिसली तर ती वाट आज तुमची नाही. चिमूट घेऊन बोटांत वळा, बारीक वात न तुटता वळली तर चिकण भरपूर आहे.

फसली तर

फसल्याचं कळताच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा. चाक फिरत राहिलं की गाडी हाउसिंगवर बसते आणि अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसाचं होतं. उतरा, सामान खाली काढा, पिण्यापुरतं ठेवून टाकीतलं पाणी सोडा, टायर ट्यूबवाला नसेल तर हवा आणखी थोडी कमी करा. मग फावड्याने चाकांच्या पुढची आणि पोटाखालची माती काढा. आलात त्याच दिशेने मागे निघणं बहुधा सोपं जातं, पुढची माती तुम्ही अजून बघितलेलीच नाही.

चाकाखाली घालायला वऱ्हाडात पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), पूर्वेला तणीस (धानाचा पेंढा). पऱ्हाटीच्या जुड्या चाकाच्या दिशेला आडव्या, घट्ट एकमेकींना खेटून, चाकाच्या पुढे निदान सहा-सात फूट अंथरा आणि पहिली जुडी सब्बलीने चाकाखाली ठासा. मोकळ्या काड्या टाकल्या तर चाक त्या मागे फेकून देतं. ज्याची पऱ्हाटी आहे त्याला विचारून घ्या, ते त्याच्या चुलीचं सरपण असतं. चाक उचलायचं असेल तर जॅकखाली हातभर लांब-रुंद जाड प्लायचा तुकडा हवाच. नुसता जॅक मातीत शिरतो आणि गाडी आहे तिथेच. जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालायचं नाही, काहीही झालं तरी.

दुसऱ्या गियरमध्ये, हलक्या रेसने निघा. एकच मागचं चाक फिरत असेल आणि हँडब्रेक मागच्या चाकांना असेल, तर हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून बघा. फिरणाऱ्या चाकाला अडवलं की ओढ दुसऱ्याकडे जाते.

नाहीच निघाली तर ट्रॅक्टर. पैशाचं आधी बोलून घ्या, आणि नको म्हणाले तरी डिझेलचे तरी द्या. दोर बंपरला, स्टिअरिंगच्या रॉडला किंवा पाट्याच्या शॅकलला बांधू देऊ नका. चॅसिसला नटबोल्टने बसवलेला हूक घरूनच लावून न्या, पुढे एक, मागे एक. ट्रॅक्टरच्या बाजूला दोर खालच्या ड्रॉबारलाच. वरच्या लिंकला बांधला तर ट्रॅक्टर पुढून उठून ड्रायव्हरवर उलटू शकतो. झटके नकोत, ताण देत ओढा. दोराच्या मध्यावर जड गोणपाट टाका, तुटलाच तर तो चाबकासारखा येत नाही. पोरं गोळा झालेली असतील, त्यांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभं करा. हे काम सांगायला गावातलाच एखादा दादा बरा, पोरं त्याचं ऐकतात.

इंजिन तापलं तर

काटा वर जाऊ लागला की थांबण्याआधी हीटर पूर्ण चालू करा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे. सावलीत उभी करा, बॉनेट उघडा, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. गार झाल्यावरच पाणी, आणि तेही इंजिन चालू ठेवून थोडं थोडं. खारपाणपट्ट्यातल्या हापशीचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका, क्षार आत बसतात. दुसरं नसलंच तर घाला आणि घरी येऊन धुऊन काढा. बारीक गळतीला हळद टाकायची ट्रकवाल्यांची युक्ती चालते, तालुक्याच्या गावापर्यंत. डिझेलच्या टाकीला चीर गेली तर अंगाचा साबण घासून बसवा, वरून एम-सील. दोन्ही उपाय गॅरेज येईपर्यंतचे.

मुक्काम

अंधाराच्या तासभर आधी जागा ठरलेली हवी. गावात थांबायचं तर सरपंच किंवा पोलीस पाटलांना सांगा. देवळापाशी किंवा शाळेच्या मैदानात सहसा नाही म्हणत नाहीत, उलट रात्री कुणीतरी चहा घेऊन येतं आणि गाडीत डोकावून जातं. वावरात थांबायचं असेल तर मालकाची परवानगी घेऊनच, आणि वखरलेल्या जमिनीवर गाडी घालू नका. एटापल्ली-भामरागडकडे जाताना वाटेतल्या पोलीस मदत केंद्रात कुठून कुठे चाललो ते सांगा. मेळघाटात कोलकास, सेमाडोहला वनविभागाची निवासाची सोय आहे, ती आधी बुक करा.

रात्री शेतातून पायी फिरू नका. रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेलं असतं, त्याचा धक्का जिवावर बेतत नाही. पण काही ठिकाणी बेकायदेशीरपणे थेट विजेचा प्रवाह सोडलेली तार असते आणि तिने माणसं मेली आहेत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या पट्ट्यात वाघ गावाच्या शिवारात येतो, त्यामुळे तिथे अंधार पडल्यावर गाडीबाहेर काम काढायचंच नाही, लघवीलाही नाही. आत झाकणाची बादली ठेवा. मोहफुलांच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे अस्वल झाडाखाली असतं. त्या काळात मोहाखाली गाडी लावू नका. सावली छान असते, तरीही. शेकोटी फेब्रुवारी ते जून बंदच. पालापाचोळा एका ठिणगीने पेटतो आणि वणवा गावकऱ्यांच्या माथी येतो.

जोडे रात्री गाडीत घ्या, सकाळी झटकून घाला. साप चावला तर चिरणं, बांधणं, मांत्रिक काहीही नाही. हात-पाय हलू न देता सरळ जवळचा दवाखाना, 108 ला फोन. पोलिसांसाठी 112, वनविभागासाठी 1926. नेटवर्क कुठल्या टेकडीवर येतं हे गावातल्या पोरांना नेमकं माहीत असतं, मुक्कामालाच विचारून ठेवा.

परत आल्यावर

काळी माती चॅसिसवर वाळू देऊ नका. ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून कुजतो. दुसऱ्याच दिवशी खालून प्रेशरने धुवा, पाट्यांच्या पानांमधून, मडगार्डच्या घडीतून, ब्रेक ड्रमच्या मागून. गाडी वाळली की ग्रीसिंग. डिफरन्शियलच्या ऑईलचा बोल्ट सोडून थोडं तेल बोटावर घ्या, दुधाळ दिसलं तर पाणी गेलं आहे, सगळं बदला. एअर फिल्टर झटका. यू-क्लॅम्प, पलंगाचे आणि कपाटांचे नटबोल्ट पुन्हा आवळा. जे नट फिरले त्यांना खडूने खूण करा. पुढच्या सहलीनंतरही तेच नट ढिले सापडले तर तिथे साधा नट काढून नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) टाका.